बावीस गेज

कंपनी बुडाली तेव्हा आप्पांना
थकलेल्या सात पगारांपैकी दोनांच्या बदल्यात
हिशेबखात्यातला एक कॉम्प्युटर मिळाला.
वागळे इस्टेटमधून रिक्षाने आला तो,
मॉनिटर मांडीवर, डबा पायांशी,
कीबोर्ड आप्पांच्या शर्टात खोचलेला.
लोकमान्यनगरच्या खोलीत
शिलाई मशीनच्या फळीवर बसला
आणि चालू होताना एकदाच म्हणाला : टीं.

"भोंगा तुमचा," आई म्हणाली, "एवढासा झाला."

शाळेतल्या मेंगाळसरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं :
साउंड, मग कंपनं, मग स्वल्पविराम, मग वेळ.
अठरा म्हणजे एक सेकंद.
अठराच का, ते सरांनाही ठाऊक नव्हतं.

आई कार्डावर टिकल्या चिकटवायची,
ग्रोसमागे साडेतीन रुपये,
आणि गुणगुणायची चार सुरांचं काहीतरी, बिनशब्दांचं.
बारा टिकल्या, की एक वळसा पुरा.
मी ते चोरलं.

५२३ लगेच सापडला. ५८७ सापडला.
तिसऱ्याला सरांचा तक्ता ६५९ म्हणत होता,
आई तिथपर्यंत चढतच नव्हती.
मी एकेक आकडा उतरत गेले
आणि ६५४ वर ती भेटली.
चौथा ७८४, तो सोपा.

दहा, वीस, तीस... ओळींना नंबर,
मधे नऊ-नऊ जागा रिकाम्या,
मागाहून कुणी आलं तर बसायला.
एकशे वीसला बारावा सूर.
एकशे तीस : गोटू दहा.

रन.

"हे काय कोकलतंय?"
"तुझंच आहे."
"माझं? मी कधी गाते गं?"
असं म्हणत तिने बाराव्या टींला
बरोबर कार्ड पालटलं.
पलीकडून पडवळकाकूंनी भिंतीवर लाटणं आपटलं.

आप्पा पेपरात होते.
तेवीस वर्षं पॉवर प्रेसवर काढलेली,
कुकरची शिट्टी त्यांना कळायची ती वासावरून.
"लागलं का?" त्यांनी विचारलं.
"वाजतंय!" मी ओरडले.
"हो का," म्हणाले, आणि पान उलटलं.

मग मी बाराही आकडे निम्मे केले.
(५२३ चा अर्धा उरला, तो टाकून दिला.)
पान हललं नाही.
पुन्हा निम्मे.
एकशे तीसला डबा खरखरला,
घशात सुपारी अडकल्यासारखा.

आप्पा उठले.
तळवा डब्याच्या कुशीला लावला,
डोळे मिटून, डाय बसवताना लावायचे तसा.
एक वळसा गेला. दुसरा गेला.
"बावीस गेज," ते म्हणाले.
"मागचा एक स्क्रू नाही. हा पत्रा बोलतोय.
तुझं बोलणं खाली दबलंय."
आईचं एक कोरं कार्ड घेतलं,
चार घड्या घातल्या, फटीत सारलं.

खरखर गेली.
हात तसाच ठेवून ते आईकडे बघत राहिले,
मग तर्जनीने डब्यावर मोजू लागले.
"गप बसा," आई म्हणाली, "माझी टिकली चुकली."

पावणेदहाला वीज गेली.
फ्लॉपी आमच्याकडे नव्हती.

"स्क्रू उद्या आणतो," अंधारात आप्पा.
आईने चाचपडत नवं कार्ड ओढलं
आणि एकपासून सुरू केलं, गुणगुणत, न कळत.
मी कान देऊन ऐकलं.
तिसरा ६५४ नव्हता.
६५१ असेल.