सावल्या : बंद

गंगापूर रोडच्या एका क्लासनं मोडीत काढलेला डबा
साडेसहा हजारांत घेतला. माउस फुकट.
पवननगरात तिसऱ्या मजल्यावर चढवताना
खालच्या पाटोळेकाकांना वाटलं, शिलाई मशीन आणलं.

पहिल्याच रविवारी स्क्रू काढले.
पंख्यावर धुळीची गोधडी,
आणि तळाला एक पाल, वाळून पापड झालेली.
रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं,
प्रोसेसरवर पेस्ट लावली तांदळाच्या दाण्याएवढी.
अंबडच्या टूलरूममध्ये वीस वर्षं
मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा धरणाऱ्या हाताला
त्यात नवीन काही नव्हतं.
रॅमची दुसरी पट्टी जुनीच, मेनरोडवरून,
घासाघीस करून.

तरी गेम अडखळायचा.
बर्फाच्या मुलखात एक माणूस घोड्यावर निघालाय
आणि घोडा एक पाऊल टाकतो, मग विचार करतो.
सेकंदाला चोवीस चित्रं.

मग मी एकेक सोडत गेलो.
गवत कमी.
पाण्यातलं प्रतिबिंब नको.
लांबचे डोंगर धुक्यात गेले तर जाऊ देत.
शेवटी, सावल्या : बंद.
चव्वेचाळीस!
घोडा सुटला,
अन् मुलखात कशालाच सावली उरली नाही,
झाडं बर्फावर नुसती ठेवलेली,
रुखवतातल्या कागदी झाडांसारखी.

जानेवारीत आणखी एक गंमत कळली.
बाजूचा पत्रा काढून डबा खिडकीत ठेवला
की थंडी आत शिरते आणि पंखा गप्प बसतो.
त्या रात्री निफाडला पारा चारवर.
मी स्वेटर, कानटोपी, पायांवर घोंगडी,
आणि पडद्यावर साठ. साठ!
आयुष्यात पहिल्यांदा थंडीचे आभार मानले.

तेवढ्यात मावसभावाचा फोन, बाळनाथचा.
"दादा, दोन गडी आलेच नाहीत. येतो का?
पहाटेपर्यंत मण्यांना तडे जातील."

गेम थांबवला. घोडा एक पाय उचलून तसाच.
स्कूटर, नांदूर नाका, शिलापूर,
चांदोरीपर्यंत बोटं माझी राहिली नव्हती.

बागेत ओळीओळीनं शेकोट्या.
धूर व्हावा म्हणून वर ओला पाला.
मी घमेल्यानं भुसा टाकत फिरलो,
साडेतीनला कमरेवर हात ठेवून थांबलो
आणि बघितलं :
प्रत्येक वेलीची सावली, प्रत्येक तारेची,
घडाघडाची वेगळी.
जाळ हलला की सगळ्या एकदम हलायच्या
पार बांधापर्यंत,
बाळनाथची तर शेजाऱ्याच्या कांद्यात जाऊन पडलेली,
आणि कुठेच काही अडखळत नव्हतं.
मी मनातल्या मनात मोजायला लागलो, सेकंदाला किती.
"काय मोजतो रे?"
"काही नाही. ओळी."

सकाळी घरी आलो तर धुराचा वास दारातूनच.
सुलभानं कपडे परस्पर बादलीत टाकले.
मी रजेचा फोन केला आणि डबा लावला.
घोड्याचा पाय खाली येण्याआधी
सेटिंगमध्ये गेलो.
सावल्या : चालू. सगळ्यात भारी.
एकोणीस.

ईश्वरी शाळेचे मोजे चढवत म्हणाली,
"बाबा, अडकतोय."
अडकू दे.

पुढे कुठे जायचं ते दाखवणारा बाणही बंद केला.
घोड्याचा लगाम धरून
उतारावरून पायी निघालो.
माझी सावली बर्फावर
भिंतीवरच्या घड्याळातल्या काट्यासारखी
ठेच खात, थांबून, पुढे.
खाली एका झाडापाशी कुणीतरी जाळ करून ठेवलेला.
साठच्या वेगानं याच झाडाला
तीसेक वेळा तरी वळसा घातला असेल मी.

जवळ गेलो. कोपऱ्यात एक बटण उमटलं.
या गेममध्ये शेकत बसताही येतं,
हे मला दोन महिन्यांनी कळलं.