भिंतीतली फट

बाबांच्या आरीनं तिनं पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडली,
तिथून सुरू करतो.
सरकारी पट्टा. पुरुषाच्या कमरेच्या मापाचा.
बाबा म्हणाले, सरळ धर,
चामडं एकदा चुकलं की चुकलं.
जन्मभर बूट शिवले त्यांनी सीडार अव्हेन्यूवर,
पण पिस्तूल अडकवायचं चामडं
आमच्या दुकानात ते पहिलंच.

माझी थोरली बहीण, व्हर्नेल गॅड्सडन.
टपाल खात्याची इन्स्पेक्टर, क्लीव्हलंड, साल चौऱ्याहत्तर.
आमच्या रंगाची बाई त्या मजल्यावर त्याआधी
संध्याकाळी सहानंतर यायची, बादली घेऊन.
पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला
सांडलेली कॉफी दाखवली.
तिनं बिल्ला दाखवला.
आणि मग कॉफी पुसलीही:
"घसरून पडलं असतं कुणी."
हे सांगताना ती हसते.
मला अजून जमलेलं नाही.

तुम्हांला ठाऊक नसेल,
मोठ्या टपाल कचेरीत भिंतीच्या पोटात एक वाट असायची.
शिडी, काळोख, आणि डोळ्याएवढ्या फटी.
खाली उजेडात पत्रं निवडणारे हात,
वर फटीला डोळा लावून इन्स्पेक्टर.
खोकायचं नाही. तळवे वाजवायचे नाहीत,
म्हणून बाबांनी तिच्या बुटांना रबर ठोकून दिलं.
दुकानात शिरली की जिच्या मागे मागे
कुणी ना कुणी फिरायचं, हातांवर नजर ठेवून,
ती आता स्वतःच नजर झाली होती.
हात बघा, माणूस बघू नका,
असं शिकवलं होतं त्यांना.

नवव्या रात्री तिनं हात ओळखले.
डावी करंगळी अर्धी.
मिस्टर एझेल टॉलिव्हर, आमच्या चर्चचे डीकन.
त्याच हातांनी सायकलची सीट धरून
ते तिच्यामागे गल्लीभर धावले होते.
त्याच हातांनी तिच्या अर्जाचा लिफाफा चिकटवला होता,
जा पोरी, आपल्यातलं कुणीतरी वर जाऊ दे.
ती वरच होती.
खाली डेमोपोलिस, अलाबामाचं एक पाकीट,
कुणा आईच्या नावचं.
त्यांनी कोपरे चाचपले, आणि ते बाहीत सारलं.
तिनं वेळ लिहिली. दोन वाजून अकरा मिनिटं.

कोर्टात वकिलानं विचारलं, फट केवढी होती?
तिनं अंगठा आणि तर्जनी वर धरली.
एवढी.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या बाकावर आम्हीच चौघं.
पुढच्या रविवारीही.
साहेबाला पकडायचं होतंस की, म्हणाली कुणी पायरीवर.
पुढं तिनं साहेबही पकडले, दोन.
तेव्हा पायरीवर कुणी थांबलं नव्हतं.
आईनं मात्र डेमोपोलिसच्या त्या बाईचं नाव
रात्रीच्या प्रार्थनेत घालून टाकलं, कायमचं,
न बघितलेल्या बाईचं.

बढतीच्या यादीतून तीनदा गळली.
चौथ्यांदा टोलीडोची मुख्य झाली,
असं पद, असं माणूस, तिथं कधी झालं नव्हतं.
निवृत्तीला पितळी पाटी मिळाली,
सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल, व्हर्नन गॅड्सडन यांस.
पुरुषाचं नाव.
पाटी तिनं परत केली नाही. तिच्यावर ती
सुपाचं गरम भांडं ठेवते.

आता मोतीबिंदू आहे. तिचं टपाल मीच वाचतो,
विजेचं बिल, विमा, आणि कुणाकुणाच्या लग्नाची बोलावणी.
परवा बिस्किटांच्या डब्यात अकरा पाकिटं दिसली.
तुरुंगाचा शिक्का, अक्षर टॉलिव्हरांचं,
दर नाताळला एक.
एकही फोडलेलं नाही.
मी विचारलं, वाचू?

तिनं एक हातात घेतलं, खिडकीकडे धरलं,
दिसत तर काहीच नाही तिला.
मग बोटांनी कोपरे चाचपले,
सावकाश, चारही.
"पैसे नाहीत यात," म्हणाली,
"नुसतं पत्रच आहे."
आणि डब्याचं झाकण शोधू लागली.