पाऊल पडतं तिथला खड्डा

लॉयड प्रोहास्का, डावखुरा.
मोठ्या लीगमध्ये एकूण अकरा दिवस,
चार इनिंग आणि वर एक गडी बाद.
बाकी नऊ वर्षं बसमध्ये:
बिलिंग्ज, अमरिलो, डब्यूक, पुन्हा अमरिलो,
एका मोसमात तीन गावांचे तीन सदरे,
पाठीवर आडनाव दोनदा चुकीचं शिवलेलं.
विंचवाचं बिऱ्हाड निदान त्याच्या मालकीचं,
ह्याची पेटीसुद्धा क्लबची.

आम्ही नेब्रास्कातल्या एका लहान कॉलेजची पोरं.
मार्चमध्ये बाहेर बर्फ, म्हणून
बास्केटबॉलच्या कोर्टात चेंडू फेकायचो.
तो भिंतीला टेकून, डोळे मिटून
नुसता आवाज ऐकायचा.
चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये बसला की म्हणायचा,
"बोटं घाई करतायत, लिंडक्विस्ट."
डोळे न उघडता.

डावा कोपर त्याचा पुरता सरळ व्हायचा नाही.
कुणी मीठदाणी मागितली
तर हात अर्ध्या वाटेत थांबायचा,
उरलेलं अंतर तो कमरेतून वाकून भरायचा.

एकदा आयोवाहून परतताना
(बस तोच चालवायचा, ड्रायव्हर परवडत नव्हता)
मागे सगळे झोपलेले, मी पुढे एकटा जागा.
वायपर चालू. दोन्ही बाजूंना नांगरलेला काळोख.
म्हणाला, "एकानं माझा कर्व्ह
पार्किंगमध्ये नेऊन ठेवला.
मॅनेजर आला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
चेंडू हातातून काढून घेतला,
पोराच्या हातातली काडेपेटी काढून घेतात तसा."
मग बराच वेळ नुसता गिअरचा आवाज.
"अंघोळ करून येतो तर कपाटावरची
माझ्या नावाची पट्टी काढलेली.
चिकटपट्टीच ती. खाली डिंक राहिला होता."
आणि हसला.
हसला असावा. अंधार होता.

म्हणजे म्हणून.
आठव्या इनिंगला माझे पाय गेलेले असायचे,
तो डगआउटमधून सावकाश चालत यायचा,
चुन्याच्या रेषेवर पाय न ठेवता,
समोर उभा राहून तळवा उघडायचा
आणि थांबायचा.
अंपायर खेकसायचा, बाकांवरून आरडाओरडा,
तो वाऱ्याबद्दल काहीबाही बोलत राहायचा.
चेंडू मी ठेवला की मगच बोटं मिटायची.

एकदा मी दिलाच नाही.
तो मान हलवून माघारी गेला.
पुढचाच चेंडू कुंपणापलीकडे.
त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही,
ना त्या दिवशी, ना पदवीच्या दिवशी.

मी आता लिंकनमध्ये छपरं बसवतो.
कुणी हात पुढे केला की अजून
आधी माझ्या मुठीत काय आहे ते बघतो.

सामना संपला की आम्ही बसमध्ये सँडविचं खात बसायचो,
तो फावडं घेऊन उंचवट्यावर.
पिचरचं पुढचं पाऊल जिथं येऊन आदळतं
तिथला खड्डा भरायचा:
ओली माती, धुम्मस, पुन्हा ओली माती.
पाहुण्या पिचरचा खड्डा वीतभर बाजूला,
ज्याची त्याची टांग वेगळी.
तोही तितक्याच मनानं.
उजेड गेला की माणूस दिसायचा नाही,
काचेतून फक्त ऐकू यायचं
धप्,
मग बराच वेळ काही नाही,
धप्.