उजेडात धरून

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कागद उजेडात धरून पाहिला.
शाईचा डाग, सरकलेली रेघ,
आकड्याची शेपटी तुटलेली,
की काढायचा बाजूला, पुढचा घ्यायचा.
हे म्हणायचे, तू भाजीसुद्धा तशीच निवडतेस.

म्हणजे रेवती खैरनार मला कळायला हवी होती.

ग्रुपमध्ये आम्ही अकरा जण.
वालदेवीचं पाणी कुठल्या कंपनीला, किती, कोणाच्या सहीने,
एवढंच विचारत होतो.
एक अर्ज, दोन फोटो,
आणि दौलत गायधनीच्या शुद्धलेखनाच्या चुका.

रेवती बारावी.
देवळाली कॅम्पात राहते म्हणाली, शाळेत शिकवते.
काकू, तुमचं वाचून धीर येतो.
काकू, गुडघा कसा आहे?
अय्या, कुत्र्याचं नाव शेंगदाणा? कोणी ठेवलं?
ह्यांनी, मी सांगितलं. सालही सांगितलं.
कुत्रा आणि साल, एवढाच माझा पासवर्ड.
पण गुडघ्याचं कोणी विचारून
चार वर्षं झाली होती.

मग एका रात्री तीच म्हणाली,
नुसत्या अर्जाने काय होतं?
पंपाच्या खोलीची चावी कोणाकडे असते, दौलतकाका?
दौलतने रागात एक ओळ लिहिली.
चहा निवायच्या आत माणूस विसरतो
तसली ओळ.

बोलावणं आलं.
टेबलावर गठ्ठा, माझेच शब्द, वेळेसकट.
साहेब तरुण, भांग नीट पाडलेला.
बसा मावशी. पाणी घ्या.
आणि मग सहज,
शेंगदाणा खातो का आता नीट?

त्या खोलीत पंखा होता, खिडकी नव्हती.

मला राग यायला हवा होता.
आला तो जुन्या कामाचा माज.
म्हटलं, साहेब, तुमची रेवती कच्ची होती.
सात महिने देवळालीत राहिली
आणि तोफांबद्दल एकदाही कुरकुरली नाही.
तिथे सराव सुरू झाला की मांडणीतली भांडी वाजतात,
निजलेली पोरं उठतात,
बायका फोनवर म्हणतात, थांब गं, होऊ दे त्यांचं.
खऱ्या माणसाच्या पोटात कुरकुर असते.
तोच वॉटरमार्क.

तो हसला नाही.
त्याने लिहून घेतलं.

आता ग्रुपमध्ये सहा जण. सुप्रभात, गुलाबाचं फूल.
दौलत फोन उचलत नाही.
यमुना गांगुर्डे विचारते, जेवलीस का?
यमुना, जिच्या डब्यातली मिरचीची भाजी
मी बावीस वर्षं खाल्ली.
मी तो प्रश्न इकडून बघते, तिकडून बघते,
आणि उत्तर देत नाही.

काल नवा नंबर आला.
कोणी सुचेता पाळदे, भगूरची म्हणे.
नदीचं वाचलं काकू, मलाही काही करायचंय.
आणि लगेच दुसरा मेसेज:
ह्या मेल्या तोफा, कालपासून डोकं उठलंय,
कपाटाची काच तडकली.

कडा बरोबर. धागा जागेवर.
खरी असेल बिचारी.

शेंगदाणा दाराशी कान टवकारून बसलाय.
मी सवयीने फोन बल्बसमोर धरते.
आरपार काहीच दिसत नाही.
त्याचा उजेड
माझ्याच तोंडावर पडतो.