लाभ, दोन, तीन

फेब्रुवारीत आठवडाभर मी या डोंगरांत असतो.
गाडीमागे जाळीचा पिंजरा, एक बुटकं स्टूल,
आणि मेंढीचं पोट दाखवणारं यंत्र.

गावाच्या नावाचा अर्थ वाऱ्याचं शेत.
घरं अकरा. धूर सातांतून.
शाळेच्या पटावर शेवटी दोन बहिणी उरल्या होत्या,
त्या इन्व्हरनेसला गेल्या तेव्हा कुणीतरी घंटा काढून
बैलाच्या गोठ्याला टांगली.
बैल सगळ्यांत मिळून एक.
दुकान गुरुवारी येतं, चार चाकांवर,
पाव, बॅटऱ्या, मेंढ्यांचं औषध,
आणि खालच्या गावात कोण आजारी आहे ते घेऊन.

मी स्टूलवर बसतो. मेंढ्या एकामागून एक पिंजऱ्यात.
जांघेजवळ लोकर नसते तिथे हात टेकवायचा,
पडद्यावर राखाडी भुरभुर हलते,
तिच्यात बरगड्यांची बारीक फणी दिसली
की ओरडायचं, आणि रुअरी रंग मारतो.
एक असेल तर निळा ठिपका. जुळं असेल तर लाल.
भाकडीच्या पाठीवर हिरवी आडवी रेघ,
रेघवाल्या मंगळवारी डिंगवॉलच्या बाजारात.

पहिली मेंढी आली की माझ्या तोंडून 'लाभ' निघून जातं.
रुअरीनं विचारलं, हा कुठला रंग?
वडील बार्शीच्या आडत बाजारात मापाडी होते,
पहिलं माप त्यांनी 'एक' म्हणून कधी टाकलं नाही.
लाभ, मग दोन, मग तीन.
पण हे सांगायचं तर ज्वारीपासून सुरुवात करावी लागली असती,
आणि मागे एकशे चाळीस मेंढ्या भिजत उभ्या.
मी म्हणालो, निळा.

मर्डीना फाटकाशी. वय एक्क्याऐंशी,
अंगात भावाचा रेनकोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
ती मोजत नाही. तोंडं बघते.

दुपारनंतर एक म्हातारी आली, डावा कान फाटका,
खालचे दात निम्मे गेलेले.
पडद्यावर नुसती भुरभुर. मी दोनदा फिरवून पाहिलं.
तोंड उघडणार तेवढ्यात मर्डीना बोलली,
विनवणी नव्हे, हवामान सांगावं तसं:
"वर कुंपण नाही.
बर्फ आलं की कुठल्या खडकाआड थांबायचं
हे हिला हिच्या आईनं दाखवलं, हिनं बाकीच्यांना.
माणसांत टॉरकिलला ठाऊक होतं."
मग रेनकोटाचं वरचं बटण लावलं, लावलेलंच होतं ते.

पत्र्यावर गारा. रुअरीचं बोट रंगाच्या डब्यावर.

पायलीवरची शीग हातानं सपाट करायची, असा नियम.
वडिलांचा हात कुणाकुणाच्या मापावरून
जरा उंचावरून फिरायचा.
आडत्याला दिसायचं. तेवढ्यात त्याला
वहीत काहीतरी लिहायचं असायचं.

"लाभ," मी म्हणालो.
रुअरीला एव्हाना तो रंग पाठ होता.

मर्डीना म्हणाली, "एवढं महागाचं यंत्र, आणि काय रे!"
आणि थर्मासच्या झाकणात मला चहा दिला,
गोड, कोमट, त्यात लोकरीचा एक धागा.

मेमध्ये चेक आला. एका मेंढीचे पैसे कमी.
सोबत बिलाची प्रत, थरथरत्या पेन्सिलीनं समासात लिहिलेलं:
फाटक्या कानाची धरली नाही.
ती मोजण्यातली नाही.
बर्फ एप्रिलच्या नऊला आलं होतं.