वळसा

त्र्याऐंशी साल, सप्टेंबर. शेतांत गव्हाची धसकटं.
माझ्याकडे तिपाई, दुर्बीण, साखळी
आणि प्रांताच्या कचेरीतला एक नकाशा,
ज्यात फ्रेस्नेदियाचा रस्ता चर्चपासून गिरणीपर्यंत
पट्टीनं ओढल्यासारखा सरळ.

जमिनीवर तो सरळ नव्हता.
तिसऱ्या पॉपलरनंतर डावीकडे फुगायचा,
पोटुशी बाई अरुंद दारातून तिरकी निघते तसा,
आणि बेचाळीस मीटरांनंतर पुन्हा शहाण्यासारखा सरळ.
मधे काही नव्हतं. ना खडक, ना विहीर.
नांगराचे तासही तिथवर येऊन
डोक्यातल्या भोवऱ्यासारखे वळलेले.

सरपंच म्हणाला, पाणी साचतं तिथं.
चार वर्षं पाऊस नव्हता.
पाद्री म्हणाला, जुनी सवय.
बारमध्ये कुणीतरी म्हणालं, कसलं वळण?
आणि बाकीचे आपापल्या डोमिनोत बघत राहिले.
मेंढपाळाचा पोरगा सायकल हाणत आला, आठेक वर्षांचा,
शीळ न थांबवता वळला.
त्याला कुणी सांगितलं नसेल.
त्याच्या बापाच्या पायांनी त्याच्या पायांना सांगितलं असेल.

मीही घाईत होतो.
शिवाय माझीही एक गोष्ट होती जी नव्हती.
एनार, माझी बायको, हल्ली कुजबुजत बोलायची.
टेलिफोनच्या तारा सगळ्या देशात खराब झालेल्या.
सिनेमातले नट तोंडात पीठ धरून बोलायचे.
मला उत्तम ऐकू येत होतं.
मान कधी हलवायची, हसायचं कधी,
'खरंय' कुठं म्हणायचं,
याला हुशारी लागते. मी हुशार होतो.

निघायच्या दिवशी एउदोसिया आली.
काळा रुमाल, एप्रनच्या ओच्यात अक्रोड.
माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली,
म्हणजे वाईट बाजूला, जी मला नव्हती.
वारा होता. ती बोलू लागली.
आधी अक्रोडांकडे बघत, मग त्या मोकळ्या जागेकडे.
मधेच बोटं मोजली. सातापर्यंत भराभर.
आठवं अंगठीचं होतं. ते धरून
ती बराच वेळ बोलत राहिली.

मी मान हलवली.
योग्य जागीच हलवली असणार.
'खरंय,' म्हणालो.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की सत्तेचाळीस वर्षं ठोठावलेलं दार
आतून कुणीतरी उघडलंय.
सगळे अक्रोड माझ्या पिशवीत ओतले आणि गेली.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला.
अडथळा: नाही. हरकत: कोणाचीही नाही.
रस्ता सरळ करण्यास योग्य.
अक्रोड फोडत लिहिला. चांगले होते, गोड.

पुढच्या वर्षी डांबर पडलं.
पोकलेनवाल्यानं म्हणे दोन दिवस काम थांबवलं होतं.
मग म्हणाला, दगड लागले.
वरून पत्र आलं, दगडच असतील.
अजूनही गाड्या तिथं डावीकडून जातात,
पांढरी रेघ ओलांडून, समोरून कुणी येत असलं तरी.

एनारनं कानाचं यंत्र आणलं त्याला झाली दहा वर्षं.
पहिल्या दिवशी फ्रिजचं कण्हणं ऐकू आलं,
माझ्याच चपलांचा आवाज,
आणि तिचा. ती कुजबुजत नव्हती,
घसा फुटेस्तोवर ओरडत होती, कितीएक वर्षं.

आता रात्री मी आरशासमोर
एउदोसियाचे ओठ करून बघतो.
आधी मिटायचे. म्हणजे प असेल, किंवा ब, किंवा म.
किती शब्द तिथून सुरू होतात. बापसुद्धा.
मग उघडायचे.
मग बोट धरायचं, अंगठीचं.
यंत्र कानात आहे. बॅटरी नवी आहे.

'काय करतोयस रे?' दारातून एनार विचारते.
स्पष्ट ऐकू येतं.
'काही नाही,' मी म्हणतो.