परीक्षक क्रमांक दोन यांना

आपले शेरे पोचले.
लाल शाई नाही आता, पडद्याच्या कडेला
पिवळ्या चौकटीत बसतात बिचारे,
तरी शाळेतल्यासारखं पोटात कसंसं झालंच.

शेरा एक : रुग्णाची मातृभाषा कोणती? एकच लिहावी.
शेरा चार : 'येऊन राहिली', 'करून राहिली'
ही मोडकी वाक्यरचना वाचाघाताचं लक्षण म्हणून
तक्ता तीनमध्ये का मोजली नाही?

महोदय, किंवा महोदया
(आपलंही नाव झाकलेलं, तिच्यासारखंच),
मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त अडलं
त्याच्या साठ वर्षं आधीपासून ती अशीच बोलते.
इथे रामबागेत दूधवाला वळणावर दिसला
की अर्धी गल्ली सांगते, येऊन राहिला.
मी स्वतः काल रात्री, हेच उत्तर लिहिताना,
घरी फोनवर म्हणाले, तुम्ही जेवून घ्या, मी लिहून राहिलेय.
माझा मेंदू, माझ्या माहितीप्रमाणे, शाबूत आहे.

लेखात ती 'श्रीमती म., वय ६८, उजव्या हाताच्या'.
त्या उजव्या हाताने एकतीस वर्षं
इंदूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
महू, धार, खंडवा, उज्जैन
एकमेकांना जोडून दिले,
हे मी लिहिलं होतं. शेरा सहा : अनावश्यक, वगळावे.
वगळलं.

मातृभाषेचं म्हणाल तर
देवाशी मराठी, भाजीवाल्याशी माळवी,
आकडे हिंदीत, कारण नंबर हिंदीत मागत लोक.
रकाना एवढासा आहे. मी दोनदा खोडलं.

चित्रांच्या चाचणीत
कंगवा दाखवला, म्हणाली कंघी. शून्य.
होडी दाखवली. खूप वेळ बघितलं,
मग, ओंकारेश्वर. शून्य.
कार्ड अकरा, विळी :
शब्द आला नाही. खुर्चीवरून उतरली,
फरशीवर एक गुडघा उभा करून बसली
आणि रिकाम्या हातांनी
न दिसणारी मेथी चिरायला लागली,
इतकी बारीक, की मी बोटं सांभाळा म्हणाले.
याला किती गुण, ते पुस्तिकेत नाही.

आता तक्ता तीनबद्दल.
सातव्या आठवड्यात, मंगळवारी, अकरा चाळीसला
मी विचारलं, काय होतं नेमकं, शब्द शोधताना?
तिने डाव्या हाताने उजवा उचलला,
कानाजवळ नेला, थांबली.
सून दाराशी डबा घेऊन उभी होती, तीही थांबली.
मग, सावकाश, ओळीने :
लाइन. लागून. नाही. राहिली.

आजारानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य.
कर्ता आहे, क्रियापद आहे, नकार जागेवर आहे,
आणि निदान तर
माझ्या सगळ्या परिच्छेदांपेक्षा नेमकं.
आपल्या हिशेबाने ही एक चूक.
तक्त्यात तिला मी चूक म्हणून घालणार नाही.

बाकी सुधारणा केल्या आहेत.
संदर्भसूची वर्णानुक्रमे लावली,
आकृती दोनमधली रेघ जाड केली.
लेख साडेतीन हजार शब्दांत बसवा म्हणता,
माझे चारशे कापते. कुठलेही कापा.
तिच्याकडे त्या दिवशी चारच होते.

कळावे.
वाट बघून राहिलेय.